मदत हवी आहे: पिक (तार छेडायचा प्लास्टिकचा तुकडा) आणि बोटं, दोन्हींसाठी बास गिटारच्या तारांची उंची किती ठेवू?

परभणी_चारतार:
नमस्कार मंडळी. परभणीत राहतो. बास चार तारांचा आहे, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेखालचे आवाज उचलणारे चुंबक), 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), राउंडवाउंड म्हणजे खरबरीत गुंडाळीच्या तारा 45-105 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात).

एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम असतात. ढोलकी, ऑक्टोपॅड, बेंजो सगळे एकदम सुटतात, मॉनिटर मिळाला तर नशीब. तिथं पिकनेच वाजवतो. एरवी गझल-भावगीतांच्या मैफली, तिथं पिकची टकटक कोणालाच नको असते, म्हणून बोटं.

एका दुकानात सेटअप करून घेतला, त्यांनी तारा एकदम खाली बसवून दिल्या. नेकवरच्या (दांड्यावरच्या) 17व्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, स्टीलच्या मोजपट्टीने मोजलं: सगळ्यात जाड ई तार 1.8 मिमी, सगळ्यात बारीक जी 1.5 मिमी. पिकने बरं वाजतं. बोटांनी जरा जोर दिला की ई आणि ए तारेवर खरखर येते, जास्त करून दुसऱ्या ते सहाव्या फ्रेटपर्यंत. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) वर घेतलं तर खरखर थोडीशीच कमी होते, पण वरच्या फ्रेटवर डाव्या हाताचे हाल होतात आणि पिक तारेखाली अडकतं. दोन्हींना चालेल अशी एक उंची असते का, की दर कार्यक्रमाला ॲलन की (सहाकोनी चावी) घेऊन बसायचं? इथं गिटार दुरुस्तीवाला नाही. पुणे किंवा हैदराबादला नेण्याआधी घरी काय करता येईल?

नांदेडचा_नाद:
बोटांनी खरखर जास्त येणारच. ए तार वाजवली की आपलं बोट ई वर येऊन टेकतं, ई वाजवली की अंगठ्यावर. म्हणजे तार नुसती बाजूला ओढली जात नाही, बॉडीकडे दाबलीही जाते, आणि सुटली की फ्रेटच्या दिशेने वरखाली हलते. पिक तारेला बरंचसं बॉडीला समांतर ढकलतं, म्हणून तेवढ्याच उंचीत ते साफ वाजतं. ई सरळ 2.5 वर न्या, विषय संपला.

मंद्रसप्तक:
विषय संपला नाही. खरखर कुठल्या फ्रेटवर येते हे त्यांनी नेमकं सांगितलंय, ते वाचा. सगळ्या नेकवर येत असती तर सॅडल वर घ्या म्हणालो असतो. बाराव्याच्या पुढं असती तरीही. फक्त खुल्या तारेला असती तर नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बघायला सांगितलं असतं, एकाच जागी असती तर तो फ्रेट वर आलाय का ते. दुसऱ्या ते सहाव्यात येते म्हणजे आधी नेकचा बाक (तारांच्या ओढीने येणारं किंचित पुढचं वाकणं) तपासा. सॅडल कितीही उचललं तरी नटजवळच्या फ्रेटवर त्याचा परिणाम अगदी कमी पोचतो. सॅडल 1 मिमी वर घेतलं तर बाराव्या फ्रेटवर तार अर्धाच मिमी वर येते, पाचव्यावर पाव मिमी.

बाक मोजायची रीत: बास सुरात लावा, वाजवताना धरतो तसाच धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फट किती ते बघा. फेंडरच्या सेटअप गाइडमध्ये 9.5 ते 12 इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डच्या आडव्या गोलाईच्या) नेकला ही फट 0.3 मिमीच्या आसपास दिली आहे. उंची 17व्या फ्रेटवर ई कडे 2.4 आणि जी कडे 2 मिमी. तिथून सुरुवात करायची, मग आपल्या हाताला जमेल तसं वरखाली.

टॅपेटवाला:
0.3 मिमी डोळ्याला दिसत नाही भाऊ. गाडीच्या मेकॅनिककडं टॅपेट (इंजिनचा भाग) सेट करायचं फिलर गेज, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पात्यांचा संच असतो, तो मागून आणा. 0.30 चं पातं तारेखाली अलगद सरकलं पाहिजे, तार हलता कामा नये. मी लातूरला गॅरेजमध्येच काम करायलो, बास आणि बुलेट एकाच गेजवर सेट करतो.

परभणी_चारतार:
गेज मिळालं. मंद्रसप्तक दादा, 0.05 चं पातंही जात नाही. तार आठव्या फ्रेटला चिकटून आहे.

मंद्रसप्तक:
मग नेक सपाट आहे किंवा मागे वाकलाय. बोटांनी वाजवली की जाड तार मोठा हेलकावा घेते आणि त्या हेलकाव्याला मध्ये जागाच नाही. ट्रस रॉड (नेकमधली सळई) सैल करा: रॉडच्या डोक्याकडे समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. परत सुरात लावा, रात्रभर ठेवा, मग मोजा. ॲलन की व्यवस्थित बसत नसेल तर जोर लावू नका. रॉडचं डोकं घासलं गेलं तर मग खरंच हैदराबादची गाडी पकडावी लागेल.

बाक आला की तारा आपोआप थोड्या वर येतील, त्यामुळे सॅडलला आताच हात लावू नका. आपल्याकडं मे महिन्यात लाकूड वाळतं, पावसाळ्यात ओल धरतं, नेक दोन्ही वेळा हलतो. वर्षातून दोनदा हे मोजायचंच असतं. आणि कार्यक्रमाला जाताना टेम्पोत, उन्हात बास ठेवू नका.

नांदेडचा_नाद:
बाकाचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण उंचीच्या बाबतीत माझं मत तेच. अमेरिकन बासवादक जेम्स जेमरसन एका बोटाने, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर, चांगलीच उंच ॲक्शन (तारांची उंची) ठेवून मोटाउन रेकॉर्ड कंपनीची गाणी वाजवायचा. कमी उंचीचं हे वेड अलीकडचं.

मंद्रसप्तक:
जेमरसनचा हातही जेमरसनचा होता! त्याच काळात बासवादक कॅरल के पिकने भरपूर गाणी वाजवत होती. उंचीचा आकडा दुसऱ्याच्या हाताचा घेऊन चालत नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन पद्धतींपैकी ज्या पद्धतीत तुमचा हात जास्त जोराने पडतो तिच्यासाठी उंची लावा आणि दुसरी पद्धत त्या उंचीवर जमवून घ्या. तुमच्या बाबतीत तार जास्त हलते ती बोटांनी. आणि खरखर ॲम्प लावून ऐका. नुसत्या बासवर येणारी थोडी खरखर स्पीकरमधून ऐकूच येत नाही, तिच्यासाठी उंची वाया घालवू नका.

परभणी_चारतार:
दोन वेळा पाव-पाव फेरा सैल केला. आता 0.30 चं पातं जातं. सॅडल न हलवता ई 2.1 आणि जी 1.7 वर आली होती, सॅडल थोडं उचलून 2.3 आणि 1.9 केलं. खालच्या फ्रेटवरची खरखर ॲम्पमधून अजिबात येत नाही. डाव्या हातालाही चालतंय. पिक मात्र अजून अडकतं, विशेषतः वेगातल्या गाण्यात. त्यासाठी एप्रिलमध्ये सॅडल खाली घेऊ का?

टॅपेटवाला:
घेता येतं. सॅडलचे स्क्रू बऱ्याच ब्रिजवर एम3 असतात, एक फेरा म्हणजे अर्धा मिमी. किती फिरवलं ते लिहून ठेवायचं आणि मे महिन्यात तेवढंच उलटं फिरवायचं. दोन्ही पायांचे स्क्रू सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसतं.

मंद्रसप्तक:
घेता येतं, पण घेऊ नका. जयंतीच्या स्टेजवर आवाज ऐकू येत नाही म्हणून हात आणखी जोराने पडतो, आणि तेव्हाच तुम्ही तार खाली आणणार. पिक अडकतं ते बहुतेक वेळा जास्त खोल जातं म्हणून. चिमटीबाहेर टोक तीन-चार मिमीच ठेवा, पिक तारेला जरा तिरकं धरा, आणि हात ब्रिजकडं सरकवा, तिथं तार घट्ट लागते आणि कमी हलते. पिक 1 मिमी किंवा त्याहून जाड घ्या, पातळ पिक वाकून तारेत फसतं.

दुसरं म्हणजे पिकअप. बोटं किती खोल जातात ते फ्रेटवरच्या उंचीपेक्षा तारेखाली किती मोकळी जागा आहे यावर ठरतं. पिकअप थोडा वर घेतला तर बोट त्याला टेकतं, जास्त आत घुसत नाही, आणि हात आपोआप हलका पडतो. पण शेवटच्या फ्रेटवर ई दाबून तार आणि पिकअप यांच्यात तीन मिमीच्या आसपास फट राहू द्या. त्याहून जवळ गेला तर लोहचुंबक तार ओढतो आणि ई तारेचा सूर डळमळतो.

परभणी_चारतार:
पिकचं टोक कमी ठेवून बघितलं, बराच फरक आहे. ब्रिजकडं हात सरकवल्यावर आवाज टोकदार येतो, पण ढोलकीत तोच हवा. एप्रिलआधी नवीन तारा टाकणार आहे. याच मापाच्या घेऊ की 50-110?

नांदेडचा_नाद:
त्याच घ्या. जाड तारा टाकल्या तर ताण वाढतो, नेक पुन्हा ओढला जातो आणि बाक पहिल्यापासून मोजावा लागतो. नटच्या खाचाही 105 साठी कापलेल्या असतील, 110 त्यात नीट बसत नाही.

मंद्रसप्तक:
सहमत. नवीन तारा ताणून स्थिर झाल्या की बाराव्या फ्रेटवरची हार्मोनिक (तार न दाबता हलकं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. उंची बदलल्यानंतर हे राहून गेलं असेल तर कार्यक्रमाच्या आधी करा, कार्यक्रमाच्या दिवशी नाही.