मदत हवी आहे: स्वयंपाकघरात हिरवा रंग, पण कोणता आणि कुठे?

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकघराचं काम काढलंय. ओटा आणि फरशी आहे तशीच राहणार, कपाटांची दारं आणि भिंतीचा रंग बदलणार. हिरवा हवा यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं (आमच्याकडे असं क्वचित होतं), पण कुठला हिरवा म्हटलं की जितकी माणसं त्याहून जास्त मतं. मला खालच्या दारांना गडद बाटली हिरवा हवाय. नवरा म्हणतो दारं पांढरी कर आणि भिंत हिरवी, कंटाळा आला तर भिंत पुन्हा रंगवता येते. लेकीला पोपटी हवाय. सासूबाईंना काहीही चालेल, फक्त दवाखान्यात बसल्यासारखं वाटायला नको.

खोली लांबट आणि अरुंद. ओटा एकाच बाजूला, काळ्या ग्रॅनाइटचा. फरशी विटकरी, चांगलीच तांबूस. खिडकी एकच, सिंकच्या वर, तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही. छताला एक पांढरी ट्यूब.

अडलंय ते असं. शेडकार्डावरचा एक शेवाळी तुकडा दुकानात अगदी मनासारखा दिसला. घरी खिडकीपाशी धरला तर निळसर झाक आली. रात्री ट्यूबखाली बघितला तर निव्वळ राखाडी. आता यातला खरा रंग कोणता समजायचा? आणि विटकरी फरशीवर हिरवी दारं भडक दिसतील का? मॅट घ्यावं की चकचकीत, हेही सांगा.

निवांत:
पोपटी नको. एवढंच सांगायला लॉगिन केलंय.

कुंचलेवाला:
तिन्ही रंग खरेच आहेत, म्हणून आधी दिवा ठरवा आणि मग हिरवा. ट्यूबच्या खोक्यावर रंगतापमान छापलेलं असतं. तुमची बहुतेक 6500 केल्विनची असणार, म्हणजे निळसर पांढरी. करड्या झाकेच्या हिरव्याचा जीव अशाच उजेडात जातो. 2700 चा पिवळा दिवा लावलात तर तोच रंग मेंदीकडे झुकेल. कामाच्या जागेला 4000 च्या आसपासचा मला बरा वाटतो. त्याच खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते, तो 90 च्या पुढचा घ्या. साध्या एलईडी दिव्यांचा 80 च्या घरात असतो आणि त्यांच्याखाली सगळेच रंग थोडे मलूल दिसतात. शिवाय एकट्या छताच्या दिव्याने ओट्यावर तुमचीच सावली पडते. वरच्या कपाटांखाली दिव्यांची पट्टी लावून घ्या. काळा ग्रॅनाइट तसाही उजेड गिळतो.

नमुना बघायचा तर शेडकार्डाचा एवढासा तुकडा काही कामाचा नाही. दोन फूट बाय दोन फुटांची प्लायची फळी घ्या, प्रायमर लावा, रंगाचे दोन हात द्या आणि जिथे दार येणार तिथेच उभी ठेवा. हातात आडवी धरून बघू नका, उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा.

आता फरशी. तांबडा आणि हिरवा हे विरुद्ध रंग, शेजारी आले की एकमेकांना चढवतात. 1839 मध्ये शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे सविस्तर मांडलं. पॅरिसमधल्या गोबेलँच्या विणकामशाळेत रंगाई त्याच्याकडे होती. धागे फिके वाटतात अशा तक्रारी यायच्या. त्याला आढळलं की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. तुमच्याकडेही तेच होणार. फळीवर बेताचा वाटलेला हिरवा फरशीशेजारी जास्त हिरवा दिसेल, तेव्हा मनात आहे त्याहून एक पायरी करडा घ्या. पोपटी इथे किंचाळेल, त्या बाबतीत निवांत यांच्याशी सहमत.

आणखी एक गंमत. उजेड फरशीवर आपटून दारांच्या तळाशी तांबूस होऊन येतो, त्यामुळे खालचा वीतभर भाग जरा तपकिरी दिसतो. रंग दोन जागी दोन वाटला तर सुताराशी भांडू नका.

धागाकर्ती:
बापरे, मनापासून आभार! मग दारं हिरवी की भिंत? नवऱ्याचा मुद्दा अगदीच चूक नाहीये.

अर्धी भिंत:
चूक नाहीच. पण तुमच्या वर्णनावरून मोकळी भिंत आहे किती? एका बाजूला ओटा, वर कपाटं. मधल्या पट्टीला टाइल्स असतील, तर उरते समोरची भिंत. ती हिरवी केली तर ओट्याशी काम करताना हिरवा पाठीमागे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो दिसणारच नाही. माझं मत खालची दारं हिरवी, वरची पांढरी, भिंतही पांढरी.

पांढरा निवडतानाही जपा. निळसर पांढरा करड्या हिरव्याशेजारी थंड पडतो आणि सासूबाईंचा दवाखाना तिथूनच सुरू होतो. किंचित दुधाळ घ्या.

बाटली हिरव्याबद्दल: शेडकार्डावर किंवा कंपनीच्या साइटवर एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे रंग किती उजेड परत टाकतो. 0 काळा, 100 पांढरा. बाटली हिरवे बहुतेक 10 च्या आतबाहेर असतात. वर काळा ओटा, खाली असली दारं आणि ऊन नाही, तर ओट्याखालचा सगळा भाग एकच काळा ठोकळा दिसेल. 30 ते 40 मधला शेवाळी बघा.

पूर्ण मॅट नको, गडद मॅटवर तेलकट बोटं लगेच उमटतात आणि पुसली तरी ढग राहतात. चकचकीत दारात समोरची ट्यूब आरशासारखी दिसते. सॅटिन फिनिश घ्या, ते मधलं आहे. लॅमिनेट असेल तर दाराच्या कडेची पट्टी त्याच शेडची मिळते का, ते आधी विचारा. हिरव्या दाराला तपकिरी किनार म्हणजे शोभा.

कुंचलेवाला:
अनुमोदन. भर एवढीच, की लॅमिनेट आणि भिंतीचा रंग तंतोतंत जुळवायच्या भानगडीत पडू नका. दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेली जोडी घरच्या दिव्याखाली फुटते, हिरव्या-करड्यांत तर हमखास.

निवांत:
आमच्या एका काकू हिरव्या रंगात विष असतं म्हणून ठाम आहेत. ही काय भानगड?

कुंचलेवाला:
काकूंचं ऐकीव खरं आहे, फक्त जुनं आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1775 मध्ये तांबं आणि आर्सेनिकपासून एक हिरवा बनवला होता. एकोणिसाव्या शतकात तो भिंतीच्या कागदांत सर्रास वापरला गेला. आता तसा रंग कुणी भिंतीला लावत नाही. जुन्या घरात रंग खरवडणार असाल तर मात्र शिशाची काळजी घ्या, कुठल्याही रंगाच्या थरात असू शकतं. कोरडं घासू नका.

धागाकर्ती:
आमचं घर तितकं जुनं नाही, सुटले. फळी आजच करून घेते, शेवाळी आणि एक त्याहून करडा, दोन्ही. आता शेवटचं: हँडल पितळी की स्टीलची?

अर्धी भिंत:
फरशी तांबूस, म्हणून पितळी. पण लखलखीत नको, जरा विझलेल्या पितळेची घ्या. नळ स्टीलचा असेल तर राहू दे, त्याच्यासाठी नळ बदलू नका.

निवांत:
आणि लेकीला एक पोपटी कुंडी आणून द्या.