प्रतिसाद: चर्चचा बँड

वर कुणीतरी लिहिलंय की गोव्यातले वाजंत्री मिलिटरी बँडमध्ये नोटेशन शिकले. माझ्या मते क्रम उलटा आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून पॅरिश शाळा होत्या, सोळाव्या शतकापासूनच, आणि तिथे मेस्त्री, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, पोरांना आधी सोल्फेज घोटून घ्यायचा, म्हणजे वाद्य हातात यायच्या आधी स्वरलिपी वाचता यायची, मग व्हायोलिन वगैरे. असली तयार पोरं मग ब्रिटिशांच्या आणि संस्थानिकांच्या बँडना आयतीच मिळाली.

गावात बँडचं काम फेस्तापुरतं, म्हणजे चर्चच्या सणापुरतं, नसतं हो. फेस्ताच्या पहाटे आल्व्होराद, म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम घेऊन गावाला उठवत फिरायचं (झोपमोडीची तक्रार करायची सोय नाही), मग प्रोसेशन, आणि मयताला संथ मार्च. लग्नातही तीच मंडळी, त्यामुळे एकाच माणसाने तुमच्या लग्नात आणि तुमच्या आजोबांच्या मयताला वाजवलंय असं सर्रास दिसतं.

आणि हिंदी सिनेमाचं काय? मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये समोर कागद ठेवला की लगेच वाजवणारे बरेचसे गोवेकर होते ते याच शिकवणीमुळे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस घ्या, वडील चर्चमध्ये कॉयरमास्टर, म्हणजे गायकवृंद बसवणारे, आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल अँथनींकडेच व्हायोलिन शिकले. आपण मात्र नाव लक्षात ठेवतो संगीतकाराचं, मागे बसून वाजवणाऱ्यांचं कोण विचारतंय.