मरणस्मृती : एका घासापुरता अवधी
मरणाचे सतत चिंतन केल्याने माणूस खचतो, हा आक्षेप पाली भाषेतील बौद्ध ग्रंथांच्या परंपरेला अपरिचित नव्हता. बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी विशुद्धिमार्ग या साधनाग्रंथात बजावलेच आहे की प्रियजनाचे मरण नुसते आठवल्यास शोक होतो आणि स्वतःचे आठवल्यास भय, म्हणून हे चिंतन स्मृती (सजगता), संवेग (अनित्यतेच्या जाणिवेतून येणारी निकड) आणि ज्ञान यांसह करावे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील नादिक या गावच्या प्रसंगात मरणस्मृती, म्हणजे मरणाचे सजग स्मरण, कशी करता असे बुद्ध विचारतात, तेव्हा कोणी भिक्खू धम्माचरणासाठी एक अहोरात्र मिळावे म्हणतो, कोणी एका भोजनापुरता वेळ. परंतु बुद्ध अप्रमादी (सावध, गाफील नसलेले) ठरवतात ते एक घास चावून गिळेपर्यंतचा किंवा एका श्वासापुरताच अवधी गृहीत धरणाऱ्यांना. दिवसभराची मुदत धरणाराही त्यांच्या लेखी प्रमादीच, हे मला सर्वांत कठोर वाटते.