कोइंब्रातले शेवटचे तीन आठवडे

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठातलं तुमचं शिकणं संपत आलंय; उरलेल्या तीन आठवड्यांत स्पेन-इटली पालथं घालावं की कोइंब्रातच राहावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, राहा. मे महिन्यात तिथे ‘केइमा दश फिताश’ असतं, म्हणजे विद्याशाखांच्या रंगीत फिती जाळायचा विद्यार्थ्यांचा उत्सव. वैद्यकाची पिवळी, कायद्याची लाल. सुरुवातीच्या मध्यरात्री जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर फादो, म्हणजे तिथलं हुरहुर लावणारं पारंपरिक गाणं, सुरू होतो आणि काळे झगे पांघरलेली ती एवढी पोरं एकदम गप्प होतात. वर्षभर एका स्वयंपाकघरात जेवलेली मैत्रीण त्या रात्री माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मलाही आवरलं नाही. रोम काय, पुढेही बघता येईल.

आणखी एक. सामान आवरायच्या गडबडीत कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या काकूंचा निरोप घ्यायचा राहू देऊ नका. पाव, बटाटा, चावी हे शब्द आमच्या मराठीत तुमच्या पोर्तुगीजमधूनच आले, असं सांगितल्यावर आमच्या काकूंचा चेहरा काय फुलला होता! निघायच्या सकाळी त्यांनी पिशवीभर पाव बांधून दिले, पैसे घेतलेच नाहीत.

गुणपत्रकाचं मात्र आत्ताच विचारून ठेवा, शेवटच्या दिवसावर टाकू नका.