ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर जाणवते ते नेमके काय?

गंगाकाठ (पंचवटी):
माझे सारे आयुष्य पंचवटीत गेले. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणणारे थोडेच; ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच म्हणण्याची रीत आहे. लहानपणापासून रामकुंडावर जात आलो आहे, परंतु प्रांजळपणे सांगायचे तर तिथल्या गर्दीत माझे मन क्वचितच स्थिरावते. याउलट, गेल्या श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरी एकटाच चढत असताना धुके इतके दाट उतरले की पुढची पायरीही दिसेना. कातळातून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि पुढे १४६५ किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळणारी नदी ती हीच, हे ध्यानात येताच आपण कोणाच्या तरी अगदी समोर उभे आहोत अशी जाणीव झाली. दहा-पंधरा मिनिटे ती टिकली. खाली येऊन चहा घेईपर्यंत विरली. याला ईश्वराचे सान्निध्य म्हणावे, की थंड हवेने आणि एकांताने मनाला आलेली टवटवी?

विभूती:
हे दोन पर्याय एकमेकांना छेद देतात असे मला वाटत नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपली ओळख सांगताना वृक्षांतील पिंपळ, स्थावरांतील हिमालय आणि प्रवाहांतील गंगा यांचा उल्लेख करतात. मन टवटवीत झाल्याखेरीज समोरचा पिंपळ तरी कुठे नीट दिसतो? आपल्याला झाले ते दर्शनच समजावे.

ओलांडा (निफाड):
वरील उत्तर वाचायला गोड आहे, पण माझे समाधान झाले नाही. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. नांदूरमध्यमेश्वर जवळच, २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेले. हिवाळ्यात पहाटे तिथे चक्रवाकांची जोडी पाण्यावर उतरताना पाहिली की आपण म्हणता ती जाणीव मलाही होते, हे मी नाकारत नाही. परंतु एका फेब्रुवारीत माल उतरायला आलेला, व्यापाऱ्याशी सौदा ठरलेला, आणि वीस मिनिटांच्या गारपिटीत घडांचा लगदा होऊन मातीत पडला. दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखे निळे होते, पश्चिमेचे डोंगर कधी नव्हे इतके स्वच्छ दिसत होते, आणि त्या सौंदर्याचा मला संताप आला. धुक्यात देव जवळ येत असेल, तर गारांच्या वेळी तो कुठे असतो, याचे उत्तर दिल्याशिवाय ही चर्चा अपुरी आहे.

विभूती:
आक्षेप मान्य, मी सोयीचे तेवढेच सांगितले. त्याच दहाव्या अध्यायात, त्याच यादीत, सर्वस्व हरण करणारा मृत्यूही मीच, असे भगवंत म्हणतात. पुढच्या अध्यायात अर्जुन विश्वरूप मागतो खरा, पण ते पाहून भयाने व्याकूळ होतो आणि पहिले सौम्य रूपच पुन्हा दाखवा अशी विनवणी करतो. आपण सगळे तिथेच उभे आहोत: धुके हवे, गारा नकोत.

ब्रह्मगिरीचाच विषय निघाला आहे म्हणून आठवले. परंपरा सांगते की विठ्ठलपंत कुटुंबासह या डोंगराची प्रदक्षिणा करत असताना वाघ आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि चुकलेला निवृत्ती ज्या गुहेत शिरला तिथे त्याला गुरू गहिनीनाथ भेटले. (पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला जातो, तेव्हा वाघाची आठवण कोणी फारशी काढत नाही.) त्या कथेत सान्निध्य लाभते ते रम्य एकांतात नव्हे, तर वाट चुकलेल्या आणि घाबरलेल्या पोराला. गारपिटीचे समर्थन मात्र यातून होत नाही, आणि तसे करण्याचा मला अधिकारही नाही.

गंगाकाठ (पंचवटी):
दोघांचाही ऋणी आहे. आता आठवून पाहतो तेव्हा लक्षात येते की त्या धुक्यात मीही थोडा घाबरलो होतो; प्रश्न लिहिताना ते मी गाळले. एका बाजूला दरी होती आणि हाताला कठडा लागत नव्हता. निफाडकर दादा, विचारणे आगाऊपणाचे वाटल्यास सोडून द्यावे, पण गारपिटीनंतरच्या त्या सकाळी आपणांस संतापाखेरीज काही जाणवले होते का?

ओलांडा (निफाड):
आगाऊपणा कसला. त्या सकाळी काहीही जाणवले नाही. देवावर राग धरायचा तर तो आहे असे धरून चालावे लागते, एवढे मात्र नंतर एकदा मनात येऊन गेले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची वेलींची छाटणी, केली. गारांनी सोललेल्या ओलांड्यांवर (वेलीच्या तारेवर पसरलेल्या मुख्य फांद्यांवर) डोळे फुटतील याची मला खात्री नव्हती. पहिली फूट दिसली तेव्हा आमच्या मंडळींनी तिला हळदकुंकू वाहिले. मी बांधावर उभा होतो. हात जोडले नाहीत, पण पायांतल्या चपला काढल्या होत्या.