छोट्या ट्रकवर कॅम्परचा डबा: आरसीतले एकूण वजन पुरेल का?

प्रश्न (मुलुंड)
माझ्याकडे सहा चाकांचा छोटा मालवाहू ट्रक असून आरसीवर एकूण वजन (भरलेल्या गाडीचे कमाल) ४,९९५ किलो आणि रिकामे वजन २,४५० किलो असे नोंदलेले आहे. हौदा उतरवून त्या जागी झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेला डबा बसवावा आणि आम्ही चौघांनी सुट्टीत कोकणात हिंडावे, असा विचार आहे. डबा बांधणारा त्याचे वजन १,७०० किलो सांगतो. शिवाय ४०० लिटरची पाण्याची टाकी अगदी मागच्या टोकाला येईल. गॅरेजवाल्याच्या मते दोन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवले की काम झाले, आणि २०१८ साली सरकारनेच वजनमर्यादा वाढवली आहे. हे खरे धरावे का?

उत्तर १ (शीव)
पाटे वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, एवढेच. ब्रेक, टायर, ॲक्सल आणि चासी पूर्वीचीच राहत असल्याने आरसीवरचा आकडा एका किलोनेही बदलत नाही. २०१८ च्या वाढीत दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, पण तो रस्त्यावरच्या भाराचा कमाल आकडा आहे. पाच टनांच्या गाडीला तिच्या कंपनीने ठरवलेलेच वजन लागू राहते.

आता हिशेब. डबा १,७००, पाणी ४०० (लिटरला किलो), चार माणसे २८०, दोन मोठ्या इन्व्हर्टर बॅटऱ्या सुमारे ११०, भरलेला घरगुती सिलिंडर ३०, सामान १५०: एकूण २,६७०. आरसीप्रमाणे जागा २,५४५ किलोंची, म्हणजे १२५ किलो जास्त. मात्र रिकाम्या वजनात हौदा धरलेला असतो, चालक धरलेला नसतो. म्हणून हौदा उतरवून गाडी वजनकाट्यावर चढवल्याशिवाय डब्याची आगाऊ रक्कम देऊ नये. बांधणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर तर मी मुळीच विसंबणार नाही, कारण १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचा आठ बाय चारचा एकच तक्ता ३५ किलोंच्या आसपास भरतो.

उत्तर २ (विक्रोळी)
एकूण वजन बसले तरी ते कुठे पडते हेही पाहावे. दोन ॲक्सलमधले अंतर ३.४ मीटर धरले आणि टाकी मागच्या ॲक्सलच्या ०.८५ मीटर मागे असली, तर मागे ४०० नव्हे, ५०० किलो पडतात आणि पुढून १०० किलो उचलले जातात. बोरघाट उतरताना हलके झालेले स्टिअरिंग आणि तापलेले ब्रेक एकत्र आले की गाडी आवरत नाही. टायरवरचा भारांकही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा) वाचावा: १२२/११८ असेल तर एकेरी टायरला १,५०० आणि जोडीतल्या प्रत्येकाला १,३२० किलो.

उत्तर ३ (दादर)
मालवाहू गाडीचे असे रूपांतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येते, म्हणून डबा बांधण्याआधी आरटीओत विचारावे. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे.

प्रश्नकर्ता
हौदा उतरवून कळंबोलीच्या काट्यावर गाडी चढवली: २,०४० किलो. म्हणजे ४,९९५ मधून हे आणि वरचे २,६७० वजा केले की २८५ किलो शिल्लक राहतात. टाकी आता केबिनला लागून घेत आहे. त्यासाठी घरच्यांनी ठरवलेले कपड्यांचे कपाट मागे न्यावे लागेल, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.