व्हिसाशिवाय कझाकस्तान, आठ-नऊ दिवस: बेळगावहून कसं जमवायचं?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. मे महिन्यात कझाकस्तानला जायचं मनात आहे. आम्ही दोघं, दोन मुलं (सातवी आणि तिसरी), आई (वय ६४, पूर्ण शाकाहारी), शिवाय कोल्हापूरची बहीण तिच्या घरच्यांसह. भारतीय पासपोर्टवर तिथं व्हिसा लागत नाही असं वाचलंय. सांबऱ्याच्या विमानतळावरून दिल्ली आणि तिथून अल्माटी असा विचार आहे. अल्माटी, अस्ताना, तुर्किस्तान (तिथलंच एक शहर) आणि शेवटी कॅस्पियन समुद्र असा बेत कागदावर मांडलाय.

१) व्हिसा नाही म्हणजे नेमकं किती दिवस? विमानतळावर काय विचारतात?
२) एवढं सगळं नऊ दिवसांत बसेल का?
३) तिकीट एकत्र काढू की वेगवेगळं?

टिळकवाडी_पहिलं_गेट

पहिल्याचं उत्तर. जुलै २०२२ पासून भारतीयांना एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, आणि १८० दिवसांत सगळं मिळून ४२ दिवस. हे दिवस कॅलेंडरचे. मध्यरात्रीनंतर उतरलात तर ती तारीख पहिला दिवस धरा, झोपून उठल्यावर मोजायला लागू नका. परतीचं तिकीट तेराव्या दिवसाच्या पुढं नेऊ नका. चौदाव्या दिवसाचं विमान रद्द झालं की मुदत संपते आणि दंडाचं झेंगट मागं लागतं. नऊ दिवसांत तुम्हाला तो प्रश्न नाही. पर्यटनाला, नातेवाइकांकडं किंवा धंद्याच्या भेटीगाठींना ही सवलत चालते; नोकरीला किंवा शिक्षणाला नाही.

आता पासपोर्ट काढून बघा, सगळ्यांचे. मुदत निदान सहा महिने शिल्लक पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत. अडतं ते बहुतेक मुलांच्या पासपोर्टवर: मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहानांचा पाचच वर्षांचा, आणि तो संपत आलाय हे तिकीट काढताना कळतं. जन्मस्थान जुन्यात बेळगाम आणि नव्यात बेळगावी असं असलं तरी काही बिघडत नाही. तिकिटावरचं नाव मात्र पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आधार कार्डावरून नाव टाइप करू नका. कन्नडवरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग हमखास वेगळं असतं.

नवा काढायचा असेल तर २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज चालतो. पोलीस पडताळणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते. खानापूरचा पत्ता लिहून मुलं कोल्हापूरला मावशीकडं ठेवलीत तर पोलीस खानापुरात येऊन परत जाणार. आईचं शिक्षण दहावीच्या आत असून पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते असा शेरा) असेल तरी काळजी नको, पर्यटनाला ती अट नाही.

इमिग्रेशनला परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि विमा मागू शकतात. तिन्ही कागदावर छापून न्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. शिक्का मारून झाला की तारीख नीट उमटली का ते खिडकीसमोरच बघा.

घाटमाथा

बेत बघितला. कॅस्पियन काढून टाका, अस्तानाही काढा.

कझाकस्तान हा क्षेत्रफळानं जगातला नववा देश, सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर. आपल्या भारताच्या पाच भागांतले चार भाग तरी झाला, आणि माणसं जेमतेम दोन कोटी. म्हणजे मधे रिकामं माळरानच माळरान. अल्माटी ते कॅस्पियनवरचं अक्ताऊ सरळ रेषेत दोन हजार किलोमीटर. बेळगाव ते दिल्ली सरळ रेषेत दीड हजाराच्या आत आहे. अल्माटी ते अस्ताना रेल्वेनं रात्र जाते, विमानानं गेलं तरी दोन्ही विमानतळ धरून अर्धा दिवस गेलाच. चार ठिकाणं धरली तर नऊपैकी चार दिवस सामान बांधण्यात आणि सोडण्यात जातील, त्यात आई आणि तिसरीतलं पोर. व्हिसा नाही म्हटल्यावर देश जवळचा वाटतो, अंतर काही कमी होत नाही.

अल्माटीत एकच मुक्काम ठेवा, मधे दोन रात्री बाहेर. असं बसतं:

पहिला दिवस शहरात: पानफिलोव बागेतलं लाकडी कॅथेड्रल, जवळचाच झेल्योनी बाजार, संध्याकाळी कोक-तोबे टेकडी. दुसऱ्या दिवशी १२ नंबरच्या बसनं मेदेऊ. बर्फावरच्या स्केटिंगचं हे मैदान १,६९१ मीटरवर आहे. तिथून केबल कारनं शिंबुलाक, २,२६० मीटर. पुढच्या टप्प्यांनी ३,२०० मीटरच्या तालगार खिंडीपर्यंत जाता येतं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, त्यामुळं एका दिवसात थेट वर नेलं तर आईंना डोकेदुखी, मळमळ होऊ शकते. त्यांनी २,२६० वरच थांबावं. तुम्ही वर गेलात तरी तासाभरात खाली या, पाणी पीत राहा.

तिसऱ्या दिवशी गाडी करून पूर्वेला. चारीन दरी अल्माटीपासून सुमारे २०० किलोमीटर, तिथंच अर्धा दिवस जातो. दरीच्या तळात दोन-तीन किलोमीटर चालायचं आहे आणि सावली नाही. टोप्या आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. तिथून साती गावात मुक्काम. चौथ्या दिवशी काइंदी तळं. १९११ च्या भूकंपात डोंगर कोसळून दरी अडली आणि पाणी साचलं. आतली स्प्रूसची (सुईसारख्या पानांची) झाडं पाण्यात उभ्याउभ्या वाळली. त्यांचे फांद्या गळालेले सोट आजही पाण्याबाहेर आलेले दिसतात, आणि थंडगार पाण्यामुळं खाली बुडालेल्या फांद्या अजून कुजलेल्या नाहीत. कडेला उभं राहून खाली बघितलं की त्या फांद्या सुईसारख्या पानांसकट दिसतात. शेवटचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि ओढ्यातनं जाणारा, साधी कार तिथं जात नाही. सातीतूनच जुनी रशियन उंच गाडी ठरवावी लागते. पाचव्या दिवशी कोलसाई. पहिलं तळं १,८१८ मीटरवर, गाडी जवळपर्यंत जाते. दुसरं तळं आठेक किलोमीटर चढणीवर आहे, ते लहान मुलांना घेऊन करू नका. हा पट्टा किर्गिझ सरहद्दीजवळ असल्यानं मूळ पासपोर्ट खिशात पाहिजे, झेरॉक्स नव्हे.

उरलेले दिवस शहरात, एक दिवस मोकळा. तुर्किस्तानचा ख्वाजा अहमद यसवीचा दर्गा पुढच्या खेपेला. युनेस्कोच्या यादीतली वास्तू आहे, घाईत उरकायची नाही.

तारखांचं: बेळगावच्या शाळांना एप्रिल-मे सुट्टी, कोल्हापूरकडं मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. दसऱ्याची सुट्टी आपल्याकडं, दिवाळीची त्यांच्याकडं, ती जुळत नाही. मे हाच जुळणारा महिना. पण तिथं १, ७ आणि ९ मे सुट्ट्या; शहरातली मंडळी डोंगराकडं धावतात, सातीतल्या खोल्या भरतात. १२ मे नंतरच्या तारखा घ्या. मेमध्ये दुपारी पाऊस पडतो, डोंगरात रात्री चांगलीच थंडी असते. स्वेटरवर वाऱ्या-पावसाचं जाकीट पाहिजे, नुसत्या स्वेटरनं भागत नाही.

सांबरा_टर्मिनल

तिकिटाबद्दल. नुकसान होतं ते बहुतेक या सांध्यात.

बेळगाव–दिल्ली आणि दिल्ली–अल्माटी वेगवेगळ्या पीएनआरवर काढलं की पहिलं विमान उशिरा आलं किंवा वळवलं गेलं तर दुसरं तिकीट बुडतं, दुसरी कंपनी जबाबदार नाही. सामानही दिल्लीत उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरलं तर परदेशाचं टर्मिनल ३ काही किलोमीटर लांब आहे. एकाच पीएनआरवर मिळत नसेल तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा आणि रात्र तिथंच काढा. गोवा एक्सप्रेसनं जाणार असाल तर दोन रात्रींचा प्रवास आहे, पोहोचण्याच्या दिवशीचं विमान धरू नका.

दुसरं: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर इंडिगोला अल्माटी उड्डाणं थांबवावी लागली, कारण वळसा घालून जाण्याचं अंतर त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेलं. एअर अस्ताना कझाक कंपनी असल्यानं ती बंदी तिला लागू नव्हती. तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

घड्याळ: १ मार्च २०२४ पासून सगळा देश एकाच वेळेवर आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. जुन्या लेखांत अल्माटी अर्धा तास पुढं दिसेल, ते आता चुकीचं.

खानापूरकर

कॅस्पियन आणि अस्ताना रद्द. धन्यवाद. आईच्या जेवणाचं आणि पैशांचं सांगा. आणि मेहुणे म्हणतात अल्माटीहून बिश्केक चार-पाच तासांवर आहे, एक दिवस जाऊन येऊ.

शहापूर_मसालेवाले

बिश्केक नको. किर्गिझस्तानला भारतीयांना ई-व्हिसा लागतो. तो नसेल तर सरहद्दीवर अडवतील आणि अख्खा दिवस फुकट जाईल.

जेवण. तिथं घोड्याचं मांस रोजचं आहे. बेशबार्माक आणि काझी ही नावं दिसली की पुढं जा. फसगत होते ती भाज्यांच्या सूपमध्ये, कारण पाणी मांसाचं असतं. ‘बेझ म्यासा’ म्हणजे मांसाशिवाय, पण तेवढ्यावर सूप शाकाहारी होत नाही. ‘बेझ बुल्योना’ म्हणजे मांसाच्या रश्शाशिवाय हेही विचारा. सामसा (तिथला समोसा) बहुधा मांसाचाच, भोपळ्याचा मागून घ्यावा लागतो. भरवशाचं म्हणजे तंदूरची गोल रोटी, दही, ताक, फळं, सुकामेवा, टोमॅटो-काकडी. अल्माटीत भारतीय जेवण मिळतं, सातीत नाही. तिथल्या दोन रात्रींसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि कोरडा उपमा घ्या. गरम पाणी सगळीकडं मिळतं. कुंदा नेणार असाल तर दुकानाचा सीलबंद डबा, घरच्या डब्यातला नको. औषधं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात.

पैसे: चलन तेंगे, एका रुपयाला पाच-सहा तेंगे धरा. रुपे कार्डावर अवलंबून राहू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं फॉरेक्स कार्ड आणि थोडे डॉलर, नव्या, न दुमडलेल्या नोटा. फाटकी किंवा शाई लागलेली नोट घेत नाहीत. बाहेर पडताना रस्त्यावरच्या टॅक्सीला हात करू नका, यांडेक्स गो अॅपवर भाडं आधी दिसतं. नकाशासाठी टू-जीआयएस आणि रशियन भाषांतर इथूनच डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज नाही.

आणि मुक्कामाची नोंद. परदेशी माणूस आल्याची माहिती यजमानानं तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. हॉटेल ते आपोआप करतं. फ्लॅट भाड्यानं घेतलात तर मालकाकडून ‘नोंद केली’ असा मेसेज मागून ठेवा. सातीतल्या घरगुती खोलीलाही तेच विचारा.